मामांची दक्षिण मोहीम

आमचे मामा रोज सकाळी सायकलला खरारा करतात. पुसत नाहीत, धूत नाहीत. खरारा. घोड्याचा लोखंडी खरारा वापरला तर रंग जाईल म्हणून नारळाच्या काथ्याचा ब्रश घेतात, पण हात फिरतो तो घोड्याच्या पाठीवर फिरावा तसाच, मानेकडून मागे. साखळीला तेल द्यायचं म्हणजे ‘खुराक’. पंक्चर झालं की ‘घोडी लंगडून राहिली आहे’. बाड्यावर, म्हणजे ग्वाल्हेरच्या बाजारचौकात, भाजी आणायला गेले तर सायकल लावत नाहीत, विजेच्या खांबाला ‘बांधतात’. आमच्या माधवगंज मोहल्ल्यातल्या लोकांना याचं आता काही वाटत नाही. मला अजून वाटतं, कारण मी त्यांची सख्खी भाची आहे आणि खांबाजवळचा दुकानदार मला ओळखतो.

मामांचं नाव भास्करराव गांगुर्डे. नोकरी पाटबंधारे खात्यात झाली, पण ती त्यांनी कधी मनावर घेतली नाही. मनातून ते सरदार होते. आमच्या आजोळची पक्की समजूत अशी की मूळ पुरुष दक्षिणेतून स्वतःचं पथक घेऊन फौजेबरोबर आला आणि ग्वाल्हेरला राहिला. पुरावा विचारला तर मामा छाती पुढे काढून उभे राहायचे. तोच पुरावा. कोथिंबीर आणणं ही मोहीम, निघणं म्हणजे कूच, आणि बरोबर जो कोणी असेल तो शिलेदार. मी चाळिशी ओलांडली, सिटी सेंटरच्या बँकेत माझ्या हाताखाली माणसं आहेत, तरी मी शिलेदारच.

माझ्या मुलीच्या साखरपुड्यात त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं, ती आमची चूक. मामांनी माईक घेतला, घसा साफ केला.

“बात अशी आहे,” ते म्हणाले, “आपले पूर्वज घोड्यावर बसून दक्षिणेतून इथे आले. परत कोणी गेलंच नाही. मी जाऊन राहिलो आहे. सायकलवर.”

मुलाकडची मंडळी जेवता जेवता थांबली. भटजींनी आशीर्वाद समजून अक्षता टाकल्या.

मामांची मुलगी गौरी परदेशात असते. तिला हे फोनवर कळलं. मग तिने बापाशी तह केला. नाशिकपर्यंत रेल्वेने जायचं, आणि तिथून पुढे एका सायकलवाल्या कंपनीच्या सहलीत सामील व्हायचं. द्राक्षबागांचे डोंगर, वाइनचे कारखाने, जुनी गावं, मुक्कामाला चांगल्या खोल्या. आपलं मूळ गाव त्याच वाटेवर आहे म्हटल्यावर मामा तयार झाले. “और सुनीताई,” गौरी मला म्हणाली, “प्लीज तू जा ना बाबांसोबत. ते अकेले नको.” मी शेवटची सायकल कॉलेजात चालवली होती. हे तिला सांगितलं, पण तिने ऐकलं नाही.

नाशिकला पहिल्या सकाळी मामा खोलीतून बाहेर आले आणि मी भिंतीला टेकले. खाली अंगाला चिकटलेली काळी सायकलची विजार, वर कुडता, आणि हेल्मेटवर फेटा. सहलीतली पुण्याची तरुण मंडळी फोटो काढू लागली. आम्हाला वाट दाखवणारी तन्वी नावाची मुलगी नम्रपणे म्हणाली, “काका, फेटा काढावा लागेल.” मामा म्हणाले, “हेल्मेट काढतो.” शेवटी फेटा सायकलच्या दांडीला बांधला गेला.

रस्ता मात्र सुंदर होता. दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मांडव, कागदात गुंडाळलेले घड, आणि मागे सुळके काढून बसलेले डोंगर. प्रत्येक चढावर मी उतरून ढकलत होते. मामा उतरत नव्हते. लाल होऊन, दात आवळून, हळूहळू का होईना ते वर जात आणि वर पोचल्यावर मुलूख जिंकल्यासारखे खाली बघत. वाटेत जुनी वेस लागली की थांबत. बारव लागली की पायऱ्या उतरून पाण्याला हात लावत. झाडाखाली एखादा वीरगळ दिसला की त्यावरच्या घोडेस्वाराकडे निरखून बघत आणि मला विचारत, “नाक आपल्यासारखं दिसतं ना?” वीरगळाला नाक उरलेलं नसे.

दुसऱ्या दिवशी वाइनचा कारखाना आला. मामांबद्दल एवढंच सांगते की लग्नात कुठे दारूचा वास आला तर ते न जेवता घरी येतात. मी तन्वीला आधीच सांगून ठेवलं होतं की आमचे मामा बाहेर बसतील. मामा आत आले, ओळीत उभे राहिले, समोरचा पेला उचलला आणि एका दमात रिकामा केला.

“मामा, हे काय?”

“ज्या मुलखात शिरायचं, तिथलं पाणी चाखावं लागतं,” ते म्हणाले. मग तोंड वाकडं करून तिथल्या माणसाला समजावलं, “भाई, बात अशी आहे, तुमचा रस खराब होऊन गेला आहे.” आणि खात्री करून घ्यायला पेला पुन्हा पुढे केला.

तिसऱ्या दिवशी पाडवा होता. घराघरावर गुढ्या उभ्या होत्या आणि आम्ही आमच्या मूळ गावात शिरत होतो. मामांनी वेशीबाहेर फेटा बांधला. या वेळी तन्वीनेही काही म्हटलं नाही. पारावर काही माणसं बसली होती. मामांनी त्यांना रुबाबात विचारलं, “गांगुर्डे सरदारांची गढी कुठे आहे?”

माणसं एकमेकांकडे बघू लागली. “गांगुर्डे तर निम्मं गाव हाये,” एकजण म्हणाला. “पन सरदार कोनी नव्हतं. गढी बी नाही.”

मामांचा हात फेट्याकडे गेला आणि तिथेच राहिला. मला वाटलं, आता हे चिडतील. म्हणून मीच पुढे होऊन सांगितलं की आम्ही ग्वाल्हेरहून आलो, आमचे पूर्वज फौजेबरोबर उत्तरेत गेले होते. तेव्हा पारावरचा एक मध्यमवयीन माणूस उठला. निवृत्ती त्याचं नाव. “उत्तरेत गेलेला एक आमच्या घरात सांगतात,” तो म्हणाला. “माझ्या आईला विचारा. चला, जेवायची वेळच हाये.”

घर नवं, स्लॅबचं, मागे द्राक्षबाग. मधल्या खोलीत पाटांची पंगत मांडलेली. निवृत्तीची आई, भागाआजी, भिंतीला टेकून बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

“सरदार नव्हता बाबा तो,” ती म्हणाली. “मोतद्दार होता. दुसऱ्याच्या घोड्यांची चाकरी करायचा. दसऱ्याला फौज गेली, तिच्यासंगं गेला. पाडव्यापोतर येतो म्हनला. नाही आला. त्याच्या बायकोनं मरेस्तोवर कुंकू पुसलं नाही, त्याचं श्राद्ध घालू दिलं नाही. पाडव्याला ताट वाढायची. तवापासून ह्या घरात वाढत्यात. सासूनं मला सांगितलं, मी सुनंला सांगितलं. सगळ्यांचं झालं की मग गाईला देतो.”

मी बघितलं. पंगतीत एक ताट वाढून तयार होतं आणि पाटावर कोणी नव्हतं.

आमच्या आजोळी पिढ्यान्‌पिढ्या तलवारींच्या गोष्टी सांगितल्या गेल्या. मागे कोणी वाट बघत राहिलं असेल, हे कोणी एकदाही म्हटलं नव्हतं.

“तुमी त्याचेच का?” आजीने मामांना विचारलं.

ज्या माणसाने आयुष्यभर पुरावा म्हणून छाती दाखवली, तो माणूस खाली बघत होता. “माहीत नाही,” मामा म्हणाले. “असेन. नसेनही.”

“बसा मग,” आजी म्हणाली. “गाईला काय, रोजच हाये.”

मामांनी फेटा उतरवला, मांडीशी ठेवला आणि त्या पाटावर बसले. पुरणपोळी, आमटी, कुरडई. ते खाली मान घालून सावकाश जेवले. सूनबाई तूप वाढायला आली तेव्हा त्यांनी हात आडवा केला नाही. मामी गेल्यापासून मामा स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभ्यानेच जेवतात. मी डबा घेऊन गेले की म्हणतात, ठेव, घेईन. ते बसून कधी जेवतात, कोणाबरोबर, हे मी कधी विचारलंच नव्हतं. आता आजी त्यांना “आजून एक घ्या” म्हणत होती आणि ते घेत होते.

बाहेर तन्वीने घंटी वाजवली. पुढचा मुक्काम अंधाराच्या आत गाठायचा होता. मामा उठले, आजीच्या पाया पडले आणि आपण सगळेच निघताना म्हणतो तसं म्हणाले, “येतो.”

आजीचा चेहरा बदलला. “ह्या घरातून नुसतं येतो म्हनून जायचं नाही, बाबा,” ती म्हणाली. “कवा येनार ते सांगून जायचं.”

मामा उंबऱ्यात थांबले. बाहेर सायकली उभ्या होत्या, पुण्याची मंडळी पाण्याच्या बाटल्या भरत होती. मामांनी एकदा रस्त्याकडे पाहिलं.

“उद्या सकाळी,” ते म्हणाले. “चहाला.”

आजीने मान डोलावली. मी तन्वीला जाऊन सांगितलं की आम्ही दोघं आज इथेच जवळ राहतोय, आमची वाट बघू नका.