दौलूनाना आमच्या घराचा भाव पाडतात

दौलूनाना कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीवर टिचकी मारीत, मग माणसांना रामराम करीत. घर लग्नाचं असो की मयताचं, हा क्रम कधी चुकला नाही. गल्लीतल्या एका म्हाताऱ्याच्या तेराव्याला जेवून उठताना ते तुळईकडे बघत म्हणाले, "सागवान हाय. दोन हजाराला मरण न्हाई." रडत बसलेला थोरला मुलगा डोळे पुसून म्हणाला, "दोन हजार?"

सांगलीत नदीकडच्या गल्लीत नाना आमचे शेजारी. दोन्ही घरांत भिंत एकच. हळदीच्या पेठेत मुकादमी करून आता घरी बसलेले, बायको वारलेली, मूलबाळ नाही. वेळ भरपूर आणि नाद घरांचा. स्वतः घेणं नाही की विकणं नाही, पण विकाऊ घर दिसलं की आत शिरून थेट माळ्यापर्यंत चढून येत.

लढाई सुरू झाली आणि नानांची सुगी आली. सिमेंट मिळेना, लोखंड मिळेना, नवं घर बांधायचं तर परवान्यासाठी खेटे घाला. साहजिकच जुन्या घरांना सोन्याचे दिवस आले. जिथं फुकट राहायला कुणी धजत नव्हतं, त्या घरांची गुळाचे अडते चौकशी करू लागले. नाना रोज पारावर भाव जाहीर करीत. "लय चढलंय गड्या! आता कोंबडीचं खुराडंबी इकंल!" कुणाला घर विकायचं असलं की लोक नानांना मुद्दाम ओसरीवर आणून बसवीत. गिऱ्हाइकापुढं ते अशी तारीफ करीत की मालकालाच वाटावं, कशाला विकतोय मी!

म्हणून आम्ही घर विकायचं ठरवलं तेव्हा मी निर्धास्त होतो. आमच्या हिला दर पावसाळ्यात कृष्णेच्या पाण्याची धास्ती. तिला विश्रामबागेकडे उंचावर घर हवं होतं, आणि तिनं ते बघूनही ठेवलं होतं.

पण नेमकं आमच्याच घराशी नानांनी वैर धरलं. पहिल्या गिऱ्हाइकाला त्यांनी वाळवी दाखवली. दुसऱ्याला म्हणाले, "घर झ्याक हाय. फकस्त मागल्या खोलीत कुनीतरी चालतंय." चालत होतो तो मी.

मग एके सकाळी ओसरीच्या भिंतीवर, छातीएवढ्या उंचीवर, गेरूची ताजी रेघ दिसली. तिसऱ्या गिऱ्हाइकाला नाना ती दाखवीत होते. "म्हापुराचं पानी हितवर आल्तं."

"मग शेजारी तुमच्या घरात?" गिऱ्हाइकानं विचारलं.

"आमी पवतो," नाना म्हणाले.

गिऱ्हाईक गेलं. मी नुसता चरफडलो. हिची तर खात्रीच पटली की नानांना पडत्या भावात आमचं घर लाटायचंय.

चौथे आले ते म्हसवडकडचे, पलटणीतून पेन्शनीवर आलेले एक सुभेदार. नानांनी त्यांनाही रेघ दाखवली. सुभेदार हरखलेच. "दारात येवढं पानी? आन् फुकाट? आवं, आमच्याकडं हंडाभर पान्यापायी बाया कोसभर जात्यात!" त्यांनी रेघेवरून प्रेमानं हात फिरवला, घासाघीस न करता घर पसंत केलं आणि उद्या इसार घेऊन येतो म्हणून मिशांना ताव देत गेले.

नाना पायरीवर मटकन बसले. "दुष्काळी मुलखाचा मानूस येईल ह्ये ध्यानातच आलं न्हाई," असं काहीतरी पुटपुटले.

मी मात्र आता गप्प बसणार नव्हतो. "नाना, साऱ्या गावाची घरं चढवता, आणि आमचंच का पाडता? तुम्हाला हवंय का?"

"मला कशाला? हाय त्येच घर खायाला उठतंय." नाना खाली बघून बोलत होते. "मास्तर, आमची मालकीन गेली तवापास्नं घरात आवाज न्हाई. सांजच्याला तुमी आलासा की वैनी तुमास्नी बोलत्यात. छत्री कुठं इसरला, वांगी किडकी का आनली. भिंतीतनं समदं ऐकू येतं. मग वाटतं, घरात मानूस हाय. दोन घास ग्वाड लागत्यात." मग एकदम उठले. "चुकलं माझं. सुभेदार चांगला मानूस हाय. द्या त्याला."

फार वाईट वाटलं. आत जाऊन हिला सगळं सांगितलं. आपली बोलणी शेजारी ऐकू जातात म्हणून ती भडकेल, असं मला वाटलं होतं. पण ती बराच वेळ चुलीतली लाकडं उगाच मागेपुढे करत राहिली.

दुसऱ्या दिवशी सुभेदार आले तेव्हा हीच पुढे झाली. "भाऊ, आम्हाला घर विकायचं नाही," म्हणाली. त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं. विश्रामबागेचं तिनं नावही काढलं नाही.

त्या संध्याकाळी मी शाळेतून आलो. छत्री हातात होती, वांगी चांगली होती. तरी ही स्वयंपाक टाकून मधल्या भिंतीला अगदी खेटून उभी राहिली आणि खणखणीत आवाजात माझा उद्धार सुरू केला. दम खायला ती क्षणभर थांबली.

मी हळूच म्हटलं, "थांबू नकोस. नाना आत्ताच पानावर बसलेत."