एक मिनिट बावन्न सेकंदांचं यश

संस्कृती ही नाजूक चीज असल्यामुळे ती मोजून ठेवावी लागते. न मोजलेली संस्कृती शेजारी कधी उचलून नेतील त्याचा नेम नसतो, आणि कॅनडाला शेजारी एकच, तोही भलत्या मोठ्या आवाजात गाणारा. म्हणून ओटावातल्या जाणत्या लोकांनी फार विचार करून नियम काढला की रेडिओवर वाजणाऱ्या दर शंभर गाण्यांपैकी तीस गाणी कॅनडाची असलीच पाहिजेत. आता गाणं कॅनडाचं आहे हे ओळखायचं कसं? त्यासाठी गाण्याचे चार भाग पाडण्यात आले: चाल, गाणारा, ध्वनिमुद्रण आणि शब्द. यांतले कुठलेही दोन कॅनडाचे असले की गाणं कॅनडाचं. गाणं ऐकायला बरं असावं, असा पाचवा भाग कोणीतरी सुचवल्याचं ऐकिवात आहे. पण बरेपणा कुठल्या प्रांतात जन्मला हे ठरवता येईना, तेव्हा तो वगळला.

रेडिओवाल्यांनी नियम शिरसावंद्य मानला. सुरुवातीला ते ही तीस गाणी रविवारी सकाळी, लोक चर्चमध्ये असताना, एकामागून एक वाजवून मोकळे होत. पुढे कुणाच्या तरी ध्यानात आलं की नियम गाणी मोजतो, मिनिटं मोजत नाही. सात मिनिटांचं गाणं एक, आणि दोन मिनिटांचंही एकच. त्या दिवसापासून देशभरातली सगळी रेडिओ केंद्रं आखूड गाण्याच्या शोधात निघाली, आणि मॅनिटोबाच्या उत्तरेतल्या टर्नबुल लेक या निकेलच्या खाणीच्या गावातल्या नेस्टर हॉलुकचं भाग्य उजळलं. त्याला ते नको होतं, ही गोष्ट वेगळी.

नेस्टरच्या बँडचं नाव होतं फ्रॉस्ट हीव्ह. थंडीनं जमीन फुगते आणि चांगल्या सरळ रस्त्याला मधेच उंचवटा येतो, त्याला तिकडे हे नाव आहे. (बँडला नाव देताना सुंदर शब्द शोधण्याची पद्धत त्या गावात नाही.) नेस्टर गिटार वाजवी, गाई आणि गाणी रची, रॅल्फ बेस गिटार वाजवी आणि गप्प बसे, लॉर्न मॅकइव्हर ड्रम वाजवी, पण तो त्याचा मुख्य व्यवसाय नव्हता. लॉर्न गावाच्या कर्लिंग संघाचा कर्णधार होता. गुळगुळीत बर्फावरून वजनदार दगड सरकवायचा आणि त्याच्या पुढे झाडूनं बर्फ घासत धावायचं, या खेळाला तिकडे जी प्रतिष्ठा आहे ती ड्रमला यायला अजून अवकाश आहे.

नेस्टरनं एक गाणं रचलं होतं. ते होतं सहा मिनिटं दोन सेकंदांचं आणि त्याच्या थोरल्या भावाचं, ओरेस्टचं. ओरेस्ट हिवाळ्यात गोठलेल्या सरोवरावरून पलीकडच्या वस्त्यांना ट्रकनं माल पोचवायचा. एका एप्रिलमध्ये, बर्फ विरघळू लागलं असताना, त्यानं आणखी एक खेप मारली, ती नको होती. ट्रक मिळाला, ओरेस्ट मिळाला नाही. गाण्याच्या पहिल्या भागात नुसती हवा, बर्फ आणि रस्ता होता. मग ट्रक येई, मग ओरेस्ट, आणि त्याचं नाव तीनदा. नेस्टरनं ध्वनिमुद्रणासाठी विनिपेगला जाण्यापूर्वी आईला, म्हणजे स्टेफाबाईंना सांगून ठेवलं होतं की आई, रेडिओवर ओरेस्टचं नाव येईल, ऐक. ज्याला थडगं नाही त्याचं नाव कुठेतरी असावं, एवढीच त्या बाईची इच्छा उरली होती.

ध्वनिमुद्रण शनिवारी दुपारी ठरलं. त्याच दुपारी विनिपेगमध्येच कर्लिंगची प्रांतिक स्पर्धा होती. लॉर्ननं हे सगळ्यांना आधी सांगितलं होतं, पण फार सौम्यपणे सांगितल्यामुळे कुणाच्या लक्षात राहिलं नाही. गाणं रंगात असताना मधेच थांबवणं त्याला उद्धटपणाचं वाटलं. म्हणून ते रंगात येण्याआधीच, एक मिनिट बावन्न सेकंद झाल्यावर, त्यानं काठ्या अलगद खाली ठेवल्या, सगळ्यांची माफी मागितली, आपला झाडू उचलला आणि तो निघून गेला. त्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून नेस्टर आणि रॅल्फही थांबले. काचेपलीकडे ध्वनिमुद्रण करणाऱ्या माणसाला वाटलं, गाणं इथेच संपतं. विचारावं असं त्याच्या मनात आलं होतं, पण नवख्या मंडळींचा अपमान होईल म्हणून त्यानं विचारलं नाही. उरलेल्या वेळात मागे राहिलेल्या तिघांनी एकमेकांची माफी मागितली. (मूळ टेपवर एकूण अकरा माफ्या आहेत. त्या नंतर काढण्यात आल्या, नाहीतर गाणं लांबलं असतं.) लॉर्नचा संघ तिसरा आला.

आठवडाभरात त्या टेपची रेकॉर्ड निघाली आणि महिन्याभरात ती देशात सगळीकडे वाजू लागली. चाल कॅनडाची, गाणारा कॅनडाचा, ध्वनिमुद्रण कॅनडाचं, शब्द कॅनडाचे: चारांपैकी चार, आणि वेळ फक्त एक मिनिट बावन्न सेकंद. रेडिओ केंद्रांच्या डोळ्यांत पाणी आलं. एका केंद्रावर ते दिवसातून चव्वेचाळीस वेळा लागे. लोकप्रियतेची साप्ताहिक यादी कोणतं गाणं किती वेळा वाजलं यावरून निघत असल्यामुळे, आणि लोकांना विचारण्याची तीत काही सोय नसल्यामुळे, गाणं तेरा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. जाणकारांनीही त्याचं मोल ओळखलं. संपूर्ण गाण्यात हवामानाखेरीज काहीही नाही, हा राष्ट्रीय संयमाचा कळस आहे असं टोरोंटोच्या एका प्राध्यापकांनी लिहिलं. गाणं जिथे तुटतं तिथल्या शांततेवर त्यांनी पुढे पुस्तकही केलं, ते चारशे पानांचं झालं.

टर्नबुल लेकमध्ये गाणं पहिल्यांदा लागलं तेव्हा स्टेफाबाईंनी चर्चच्या सात बायकांना घरी बोलावलं होतं. सगळ्या जणी बटाट्याचं सारण भरून पिरोगी वळत बसल्या होत्या. गाणं सुरू झालं तसं त्यांनी पिठाचे हात पुसले. हवा झाली, बर्फ झालं, रस्ता झाला आणि मागोमाग जाहिरात लागली.

"झालं?" स्टेफाबाईंनी फोनवर विचारलं.

"पुढचा भाग यायचाय, आई," नेस्टर म्हणाला.

"बरं. मी त्या बायकांना सांगते, ओरेस्ट वाटेत आहे."

हे वाक्य नेस्टरच्या काळजात रुतून बसलं. तो तडक टोरोंटोला, रेकॉर्ड कंपनीच्या मिस्टर ट्रेलोरांकडे गेला. ट्रेलोर हे अतिशय प्रेमळ गृहस्थ होते. त्यांनी त्याला कॉफी दिली, पाठीवर हात ठेवला आणि सांगितलं की उरलेला भाग चार मिनिटं दहा सेकंदांचा आहे, तेवढ्यात कुठलंही केंद्र कायद्याची दोन गाणी उरकतं, तेव्हा तो वाजवणार कोण?

"तुझ्याकडे याहून लहान काही आहे का?" त्यांनी विचारलं.

"माझ्याकडे याचं पुढचं आहे."

"ते नंतर बघू. आधी लहान बघू."

इथून फ्रॉस्ट हीव्हच्या उत्कर्षाचा काळ सुरू होतो. दुसरं गाणं एक मिनिट एकोणीस सेकंदांचं होतं, ते नऊ आठवडे पहिलं. तिसरं अठ्ठावन्न सेकंदांचं, अकरा आठवडे. त्यानंतरच्या तबकडीवर तेहतीस गाणी होती आणि ती पंचवीस मिनिटांत संपत होती. समीक्षकांनी तिला महाकाव्य म्हटलं. दौऱ्यांनाही गर्दी होई. कार्यक्रमात नेस्टर पहिलं गाणं एक मिनिट बावन्न सेकंदांच्या पुढे नेऊ बघायचा, पण नेमक्या त्या क्षणी श्रोते टाळ्यांचा कडकडाट करीत, आणि टाळ्या चालू असताना गात राहणं बरं दिसत नाही. टाळ्या थांबत तोवर निम्मे लोक बिअर आणायला गेलेले असत. जाताना ते माफी मागत.

अखेर नेस्टरनं एक शक्कल लढवली. उरलेल्या चार मिनिटं दहा सेकंदांचे त्यानं सहा तुकडे केले आणि ती सहा वेगळी गाणी आहेत असं ट्रेलोरांना सांगितलं. ओरेस्टचं नाव चौथ्या तुकड्यात येत होतं. सहाच्या सहा तुकडे एका ओळीत वाजले की झालं. ट्रेलोरांनी त्याला मिठीच मारली. एका गाण्याची सहा गाणी, तीही प्रत्येकी चारांपैकी चार! राष्ट्राची अशी सेवा आजवर कुणीच केली नव्हती, असं ते म्हणाले, आणि हिशेबानं पाहता ते खरंच होतं.

पण नेस्टरच्या हिशेबात एक चूक झाली होती. तिसरा तुकडा एकोणतीस सेकंदांचा होता आणि चौथा त्रेचाळीस. एकोणतीस सेकंदांचा कॅनडा हाताशी असताना त्रेचाळीस सेकंदांचा कोण वाजवणार? तिसऱ्या तुकड्यात ट्रक सुरू होतो, एवढंच घडतं. तो ट्रक देशभर दिवसरात्र सुरू होत राहिला. सलग एकोणीस आठवडे तो पहिल्या क्रमांकावर सुरू होत होता. त्याबद्दल बँडला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मंत्रिमहोदय सव्वीस मिनिटं बोलले, आणि बँडला गाणं दोनदा वाजवावं लागलं, कारण पहिल्या वेळी पाहुणे अजून खुर्च्यांवर टेकत होते. चौथा तुकडा कुठल्याही केंद्रावर एकदाही वाजल्याची नोंद नाही.

टर्नबुल लेकच्या स्वयंपाकघरात रेडिओ चालूच होता. स्टेफाबाई रोज ऐकत. पुढेपुढे चर्चच्या बायका विचारेनाशा झाल्या. पुत्र इतका नावारूपाला आल्यावर आईनं तक्रार करणं योग्य नव्हे, हे स्टेफाबाईंनाही कळत होतं. अकरा वर्षांत त्यांचे गुडघे गेले आणि एका कानानं ऐकू येईनासं झालं. तेव्हा मात्र नेस्टर घाबरला.

तो गावी आला. लॉर्न आणि रॅल्फ यांना त्यानं चर्चच्या सभागृहात बसवलं, लॉर्नचा झाडू आपल्या गाडीत कुलूपबंद केला आणि सहा मिनिटं दोन सेकंद अखंड ध्वनिमुद्रित करून घेतले. लॉर्ननं शेवटपर्यंत वाजवलं. संपल्यावर त्यानं काठ्या खाली ठेवल्या.

"एवढं मोठं होतं होय रे हे?" तो म्हणाला. "मला वाटायचं, मी गेल्यावर तुम्ही नुसतं आवरतं घेतलंत."

"नाही. ओरेस्ट राहिला होता."

लॉर्ननं माफी मागितली. ही बारावी. ती नेस्टरनं टेपवर राहू दिली.

गावच्या छोट्या रेडिओ केंद्रावर वर्ना टोव्ज नावाच्या बाई सकाळचा कार्यक्रम करीत. नेस्टरनं टेप त्यांच्या हाती दिली आणि पूर्ण लावा म्हणून बजावलं. त्या म्हणाल्या, अरे, तुझं गाणं मी अकरा वर्षं लावतेय, मला काय शिकवतोस. दुसऱ्या दिवशी साडेनऊला नेस्टर आईसमोर बसला. तिला त्यानं काही सांगितलं नव्हतं. गाणं लागलं. आईनं चांगला कान रेडिओकडे केला. हवा झाली, बर्फ झालं, रस्ता आला, आणि बरोबर एक मिनिट बावन्न सेकंदांनी स्टेफाबाईंनी हात लांब करून रेडिओ बंद केला.

"छान लावलं हं आज," त्या म्हणाल्या. "चहा टाकते."

नेस्टरनं झडप घालून रेडिओ पुन्हा लावला. कर्लिंगचे निकाल चालू होते. वर्नाबाईंचाही हात सवयीनं गेला होता.

तो खुर्चीत बसून राहिला. चाळीस वर्षांचा, राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला माणूस, आणि त्याला रडू आवरेना. स्टेफाबाईंनी चहाचं भांडं खाली ठेवलं.

"पुढे येतो का रे तो?" त्यांनी विचारलं.

"येतो, आई. तीनदा येतो."

"मग तूच म्हण की. रेडिओ कशाला हवा?"

अकरा वर्षांत हे कुणालाच सुचलं नव्हतं, नेस्टरलाही नाही. त्यानं आईच्या चांगल्या कानाशी खुर्ची ओढली आणि गाणं पहिल्यापासून म्हटलं. गिटार नव्हती. पहिल्यांदा ओरेस्टचं नाव आलं तेव्हा स्टेफाबाईंनी मान हलवली, दुसऱ्यांदा नेस्टरचा हात धरला, आणि तिसऱ्यांदा त्यांनी ते नाव त्याच्याबरोबर म्हटलं. चाल, गाणारा, जागा आणि शब्द, सगळं कॅनडाचं होतं. पण हे गाणं कुठल्याही केंद्रावरून गेलं नसल्यामुळे ते मोजता येत नाही, आणि त्या आठवड्याच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पुन्हा ट्रकच सुरू होत होता.

फ्रॉस्ट हीव्हचा अधिकृत इतिहास इथे पूर्ण होतो. गाणी किती सेकंदांची, कोणतं किती आठवडे पहिलं, चारांपैकी किती भाग कॅनडाचे, माफ्या किती, हे सारं आता तुम्हाला तोंडपाठ आहे आणि तुम्ही ते चारचौघांत बिनचूक सांगू शकाल. त्या गाण्याचे शब्द काय होते, हेही सांगायची माझी पूर्ण तयारी होती. तुम्ही कुठेतरी विचाराल म्हणून मी शेवटपर्यंत थांबलो.