नोराबाईचं गाव

नोराबाई गाडी चालवताना समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला स्टिअरिंगवरून एक बोट उचलून सलाम करते. अबू धाबीकडच्या अल ऐन शहराच्या भल्यामोठ्या रस्त्यावर! कुणी बघत नाही, तरी बोट चालूच.

माझा मुलगा म्हणाला, "आई, सांग तिला. इथे बोट दाखवलं तर पोलीस धरतात."

"ते मधलं. ही पहिलं दाखवते," मी म्हटलं.

बाई आयर्लंडची, आमच्या शेजारची. इथल्या हॉस्पिटलात नर्स म्हणून केस पिकले. वॉर्डातल्या भारतीय आयांकडून हिंदी शिकली, म्हणून आमचं जमतं.

"दीदी, हमारा गाव इतना छोटा. एक दुकान, एक चर्च, दो दारू का दुकान."

"दो काहे को?"

"एक में झगडा हुआ तो आदमी किधर जाएगा?"

तिथे म्हणे कुणी बोट उचललं नाही, तर याच्या घरी काहीतरी बिनसलंय हे संध्याकाळपर्यंत गावभर होतं. आमच्या दापोलीकडेही तसंच. आम्ही बोटाऐवजी तोंड चालवतो, एवढंच.

गावात तिचा थोरला भाऊ मायकल एकटा राहायचा. दर रविवारी त्याचा फोन. कुणाची गाय व्याली, कुणी गाडी बदलली, सगळं हिला कळायचं.

मागच्या महिन्यात एका दुपारी बघते, तर तिचं दार सताड उघडं. बाहेर ऊन आग ओकत होतं. "एसी फुकट चाललाय!" म्हणत मी आत गेले. टेबलावर सँडविचचा ढीग, किटलीभर चहा, भिंतीला लागून खुर्च्या. नोराबाई काळा झगा घालून उभी. तिकडे मायकल सकाळी वारला होता. हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, डॉक्टरांनी विमानात बसायला मनाई केलेली.

"गाव में अभी सब आएगा," ती म्हणाली. "हाथ मिलाएगा, चाय पिएगा, मायकल का बात करेगा. इसलिए इधर भी दरवाजा खोला."

"किसको बताया?"

"बताते नहीं, दीदी. लोग को मालूम होता है."

खुळी बाई. इथे कुणाला काय मालूम असणार?

मी पदर खोचला आणि कंपाउंडमधल्या प्रत्येक घराची बेल वाजवली. रत्नागिरीची जुबेदाभाभी आली, वरचे मल्याळी नवरा-बायको आले, वॉचमन आला. सगळे हात मिळवून खुर्च्यांवर बसले. मायकलला कुणी पाहिलेलंच नाही, बोलणार काय? चहा निवत चालला.

शेवटी मीच विचारलं, "भाई कैसा था?"

नोराबाईनं जरा विचार केला.

"बहुत कंजूस," ती म्हणाली. "चाय का एक थैली तीन बार डुबाता था."

"मेरा जेठ भी बिल्कुल ऐसा!" जुबेदाभाभी बोलून गेली.

नोराबाई मोठ्यानं हसली. मग भाभीच्या शेजारची खुर्ची ओढून बसली आणि सकाळपासूनचं रडून घेतलं.