कपाट फॉर्मात आहे

पिंपळकट्टा तालमीच्या फुटबॉल संघात यंदा गोलकीपर म्हणून ऑफिसातलं लोखंडी कपाट खेळणार, असं निसार मास्तरांनी सोमवारी संध्याकाळी जाहीर केलं, आणि हिंदुराव पोवारांचा चहा कपातच निवला.

कोल्हापुरातला माणूस एकवेळ घरचा साखरपुडा चुकवील, पण तालमीची मॅच चुकवायचा नाही. हिंदुराव त्यातले पट्टीचे. तरुणपणी ते स्वतः तालमीचे राखीव गोलकीपर होते. पण पहिला गोलकीपर इतका धडधाकट निघाला की त्याला कधी साधं पडसंसुद्धा झालं नाही, आणि हिंदुरावांची सगळी उमेद बाकावर बसून गेली. त्या वेळची एक नंबरची हिरवी जर्सी त्यांनी ट्रंकेत जपून ठेवली होती. तिला मैदानाची माती कधी लागलीच नव्हती. पोरगा विशू गोलकीपर झाला तेव्हापासून त्यांचं एकच मागणं होतं. विशूनं फायनलला गोलात उभं राहावं आणि ती जर्सी एकदा तरी मळावी. डोळे मिटायच्या आत एवढं बघायला मिळालं म्हणजे झालं.

आणि आता कपाट आडवं आलं होतं.

"मास्तर, विशूचं काय चुकलं?" हिंदुरावांनी विचारलं.

निसार मास्तर शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झालेले, आता संघाचे कोच. आवाज चढवायची गरज त्यांना कधी पडली नव्हती. "चुकलं काय न्हाई. पोरगं गुणाचं हाय. पण कपाट फॉर्मात हाय."

"कपाट कधीपास्नं फॉर्मात आलं?"

"ऑफिस रंगवायला काढलं तवापास्नं. तवा ते मैदानावर नेऊन ठेवलं हुतं, पोरांनी सरावाला त्याच्यावर बॉल मारलं. डोळं मिटत न्हाई, दचकत न्हाई. विशू दचकतोय."

"अवो, पण ते झेप घेत न्हाई."

"चुकीची झेप तरी घेत न्हाई, हिंदुराव."

विशूनं गेल्या हंगामात दोनदा चुकीच्या बाजूला झेप घेतली होती आणि ते सगळ्या पेठेनं बघितलं होतं. तरीही हिंदुराव फुटबॉल असोसिएशनकडे गेलेच. तिथं रीतसर बैठक झाली. गोलकीपरला दोन हात असलेच पाहिजेत असं नियमात कुठं म्हटलेलं नाही, आणि ह्याला दोन दारं आहेत, असं सर्वांचं मत पडलं. प्रश्न एवढाच उरला, की हा बाहेरचा खेळाडू तर नव्हे? पण कपाट इथल्याच उद्यमनगरातल्या कारखान्यात तयार झालेलं निघालं. विषय मिटला.

कपाट खेळायला लागलं. चार पोरं ते गोलात आणून ठेवायची, एक नंबरची जर्सी त्याला सुतळीनं बांधायची आणि पाया पडून जायची. बॉल बसला की धाडकन आवाज व्हायचा आणि समोरचा फॉरवर्ड पुढच्या वेळी चार पावलं लांबूनच मारायचा. एका मॅचला बॉल वरच्या खणात गेला आणि दार लागलं. पंचांनी वेळकाढूपणाबद्दल पिवळं कार्ड दाखवलं. कपाटानं हुज्जत घातली नाही, हे पंचांनाही आवडलं.

हिंदुराव स्टँडात ठरलेल्या जागी बसून घसा कोरडा पडेपर्यंत ओरडायचे, "अरं झेप घे की, मुडद्या. झेप घे." शेजारचा सोन्याचांदीवाला पेडणेकर म्हणायचा, "पोवार, गप बसा. त्याला टेन्शन देऊ नका." पेडणेकरांची मुलं अमेरिकेत, त्यांचं काय जळतंय, असं हिंदुराव मनात म्हणायचे.

एवढ्यावर भागलं नाही. कपाट रोज सरावाला जायला लागलं तसं जर्स्या, बूट आणि जाळी ठेवायची कुठं, हा प्रश्न आला. नवं कपाट घ्यायचा विषय निघाला होता. पण राखीव गोलकीपर रिकामाच आहे, हे सेक्रेटरींनी लक्षात आणून दिलं. ते रीतीला धरूनच होतं. जो बाहेर जातो त्याच्या जागी राखीव उभा राहतो. म्हणून विशू तालमीच्या ऑफिसात, गणपतीच्या फोटोखालच्या कोपऱ्यात, जर्स्या छातीशी धरून उभा राहायला लागला.

कपाटाचा एक जुना नियम होता. मास्तरांच्या गळ्यातली किल्ली बघितल्याशिवाय आतली वस्तू कुणाला द्यायची नाही. पूर्वी जर्स्या लग्नाच्या वरातीत नाचायला जायच्या आणि परत यायच्या नाहीत, म्हणून तो केलेला. विशूनं तो जसाच्या तसा उचलला.

एकदा हिंदुराव त्याला जेवायला बोलवायला गेले. "चल. आईनं पांढरा रस्सा केलाय, ताटं वाढून बसलीया."

विशूनं हातांची घडी सोडली नाही. "आत जर्स्या हाईत, पप्पा. किल्ली मास्तरांकडं हाय."

"अरं, मी तुझा बाप हाय."

"अध्यक्ष आले तरी किल्लीबिगर उघडायचं न्हाई."

हिंदुरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण विशूची आई, शालनवहिनी, व्यवहारी बाई. त्या डबा घेऊन तालमीत गेल्या, आणि पोराला उभ्या उभ्या घास भरवून आल्या. "तोंडाला किल्ली लागत न्हाई," एवढंच त्या म्हणाल्या. त्या रात्री हिंदुराव जेवले नाहीत. पोरगं कपाटापेक्षा हुशार आहे, हे त्यांना ठाऊक होतं. ते कुणाला पटवून सांगावं तेच त्यांना सुचत नव्हतं, आणि त्याचंच त्यांना रडू येत होतं.

कपाटाच्या जोरावर तालीम फायनलला गेली. समोर उत्तरवेस मंडळ. हिंदुरावांनी ट्रंकेतली जर्सी पिशवीत घालून नेली होती, दर मॅचला न्यायचे तशीच. विशूही आला होता. म्हणजे जर्स्यांबरोबर त्याला आणावंच लागलं. मास्तरांनी किल्ली दाखवली, त्यानं जर्स्या दिल्या आणि बाकाशेजारी मोकळा उभा राहिला. दुपारी मैदानावर पाणी मारलेलं होतं, गोलापुढं चांगला चिखल झाला होता.

पिंपळकट्टा एका गोलनं पुढं होती आणि मॅच संपत आली होती. उत्तरवेसचा फॉरवर्ड एकटाच बॉल घेऊन घुसला. हिंदुरावांना राहवलं नाही. हंगामभराचा राग गोळा करून ते ओरडले, "झेप घे."

आणि कपाटानं झेप घेतली.

पुढचे पाय चिखलात रुतले आणि ते सरळ तोंडावर, फॉरवर्डच्या पायावर गेलं. पंचांनी थेट लाल कार्ड दाखवलं आणि पेनल्टी दिली. चार पोरांनी कपाट उचलून बाहेर नेलं. अख्ख्या स्टँडानं हिंदुरावांकडं बघितलं.

मास्तरांनी एक बचावपटू बाहेर घेतला आणि विशूच्या पाठीवर हात ठेवला. जर्सी मात्र कपाटाबरोबर गेली होती, सुतळीची गाठ सुटत नव्हती. हिंदुराव स्टँडापुढच्या जाळीपाशी पळाले, पिशवीतली हिरवी जर्सी काढली आणि वरून टाकली. विशूनं ती झेलली, चौपदरी घडी केली, छातीशी धरली आणि वर हातांची घडी घातली.

"अरं, घाल की ती," हिंदुराव म्हणाले. त्याला ऐकू गेलं नाही.

पंचांनी मास्तरांकडं बघितलं. "अंगाशी हाय न्हवं?" मास्तर म्हणाले. "झालं तर." हंगामभर सुतळीनं बांधलेली जर्सी चालवून घेतल्यावर पंचांना आता हरकत घेता येत नव्हती.

गोलकीपर कुठल्या तरी बाजूला झेप घेणार, हा जगाचा नियम. म्हणून उत्तरवेसच्या पोरानं बॉल हाणला तो मधोमध. विशू हलला नाही. त्याचे डोळे मिटले नाहीत. बॉल छातीपाशी आला तसे त्याचे दोन्ही हात उघडले, बॉल आत घेतला आणि मिटले. शेवटची शिट्टी वाजली.

गुलालानं आभाळ दिसेना. हिंदुराव चिखलात कसे उतरले ते त्यांचं त्यांना कळलं नाही. पंच विशूपुढं हात करून उभे होते. बॉल परत पाहिजे होता.

"किल्ली?" विशू म्हणाला.

मास्तर आले. त्यांनी गळ्यातली किल्ली काढली आणि हिंदुरावांच्या तळहातावर ठेवली. "तुम्ही दाखवा. आणि ऱ्हाऊ दे तुमच्याकडंच."

हिंदुरावांनी किल्ली पोराच्या डोळ्यांपुढं धरली. विशूचे हात उघडले. बॉल पंचांकडं गेला, जर्सी हिंदुरावांकडं आली. एक नंबरच्या बरोबर मधोमध, बॉल बसला होता तिथं, चिखलाचा ओला गोल डाग पडला होता.

मिरवणूक घरापाशी आली तेव्हा शालनवहिनी ताट घेऊन उंबऱ्यात होत्या. चार पोरांनी विशूला उभाच धरून आणलं होतं. वहिनींनी त्याला ओवाळलं, साखर घातली आणि जर्सीकडं हात केला. "द्या इकडं. धुवायला टाकते."

"धुवायची न्हाई," हिंदुराव म्हणाले. त्यांनी डाग आत ठेवून तिची चौपदरी घडी केली आणि विशूपुढं धरली. विशूनं ती आत घेतली आणि हात मिटले. हिंदुरावांनी किल्ली करदोड्याला बांधली.

मग पोरांनी विशूला घरात घेतलं. दार अरुंद होतं, म्हणून जरा तिरका करावा लागला.