एक तरी पडू दे

आपल्याच संघाचा गडी धाडकन जमिनीवर आपटला की टाळ्या वाजवणारा माणूस तुम्ही कधी पाहिलाय? मी पाहिलाय. दर रविवारी सकाळी तो आमच्याच सोफ्यावर असतो, मांडीवर चिवड्याचा डबा घेऊन.

हे आमचे शेजारी, धोटेभाऊजी. मूळचे नागपूरचे. बायको गेल्यावर मोठ्या मुलाने त्यांना इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलला आणलं. मीही अशीच लेकाकडे आलेली, त्यामुळे आमची गट्टी जमली. त्यांची धाकटी मुलगी सई इंग्लंडमध्ये असते, फिजिओथेरपिस्ट आहे. तिच्याबद्दल काही विचारलं, की भाऊजी "आहे बरी" म्हणतात आणि चिवड्यातले शेंगदाणे शोधायला लागतात. एकदाच बोलले होते, "चांगला दवाखाना सोडून भलतीकडेच गेली, बाप्पा." मग मीही खोदून विचारलं नाही.

इथली बाकीची पुरुषमंडळी वीकेंडला क्रिकेट बघतात, नाहीतर अमेरिकन फुटबॉल. भाऊजींचं काहीतरी वेगळंच. इंग्लंडच्या उत्तरेकडे रग्बी लीग नावाचा खेळ चालतो म्हणे, तो यांना बघायचा. तिकडची दुपार म्हणजे आपली सकाळ. त्यांच्या घरी रविवारी सगळे उशिरापर्यंत झोपतात, म्हणून ही झुंज आमच्या दिवाणखान्यात. माझा नितीन लॅपटॉप टीव्हीला जोडून देतो आणि पळ काढतो.

मी एकदा नियम विचारले.

"सोप्पं आहे वहिनी. कबड्डीच समजा, फक्त चेंडू घेऊन पळायचं. सहादा पाडलं, की चेंडू दुसऱ्यांले द्यायचा."

"आणि कुणाला लागलं तर?"

भाऊजींचा चेहरा एकदम उजळला. "तेच तर! खेळ थांबत नाही. औषधाची पिशवी घेऊन लोकं चालू खेळातच आत धावतात!"

आता यात एवढं खूश होण्यासारखं काय होतं, देव जाणे. पण गडी पडला रे पडला, की भाऊजी सोफ्यावरून अर्धे उठणार, "पडला, पडला!" म्हणणार आणि चष्मा पुसून पडद्याला नाक लावणार. तो उठून पळायला लागला, की यांचं तोंड उतरलेलं. एखाद्या रविवारी कुणीच पडलं नाही, तर देवाला साकडं, "एक तरी पडू दे, बाप्पा. जास्त नको. जरासा लंगडू दे."

मी चिडायची. "अहो, कुणाच्या तरी पोटचा गोळा आहे तो!"

"हाडं मजबूत असतात त्यांची, वहिनी. काही होत नाही."

फोनवर त्या संघाच्या चाहत्यांचा एक ग्रुप आहे, त्यातही हे घुसलेले. गडी पडला की तिकडचे बिचारे हळहळतात, आणि आमचे भाऊजी हात जोडल्याचं चित्र टाकतात. एकाने शेवटी विचारलंच, तू नक्की कुणाच्या बाजूचा? भाऊजींनी नितीनकडून उत्तर लिहून घेतलं, "मी तुमचाच."

तर सांगायची गोष्ट त्या वीकेंडची. सीझन संपत आला होता. शनिवारी एक सेमीफायनल झाली, ती भाऊजींनी पाहिली. रविवारी दुसरी, भाऊजींच्या संघाची. जिंकले तर पुढच्या रविवारी फायनल. हरले तर सगळं थेट पुढच्या वर्षीच.

"जिंकले पाहिजेत, वहिनी," आल्याआल्या म्हणाले. "नाहीतर एवढा हिवाळा मी काय पाहू?" समोरचा संघ भलताच दांडगा. ग्रुपवर लोकांनी लिहिलं होतं, आज आपल्या पोरांची हाडं मोडणार. भाऊजींना एकाच वेळी धास्ती आणि आशा. मी केलेला चहा तसाच साय धरून बसला.

खेळ असा काही अटीतटीचा, की मला खेळातलं ओ की ठो कळत नसूनही मी पोळ्या सोडून लाटणं हातात घेऊन उभी. शेवटची काही मिनिटं उरली. आमचा संघ दोनच गुणांनी पुढे, आणि समोरचे रेडे चाल करून आलेले. तेवढ्यात आमचा एक गडी खाली कोसळला.

"पडला!" भाऊजी उठले.

लाल जाकीट घातलेली, केस घट्ट बांधलेली एक मुलगी पिशवी घेऊन आत धावली. त्याच्याजवळ वाकली. आणि त्याच वेळी खेळ अचानक तिच्याच बाजूला वळला. एक धिप्पाड गडी मागून आला, त्याला थांबता आलं नाही. मुलगी दूर फेकली गेली. तिचा डावा पाय अंगाखाली मुडपला.

"सई!"

चिवड्याचा डबा खाली पडला. कॅमेरा मात्र चेंडूमागे निघून गेला. भाऊजी टीव्हीला दोन्ही हातांनी धरून ओरडत होते, "तिकडे दाखवा बे! चेंडू काय दाखवता? माझी पोरगी पडली आहे तिकडे!"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

मी टीव्ही बंद केला. त्यांचा फोन त्यांच्या हातात दिला. "लावा."

"तिले माहीत नाही, मी पाहतो म्हणून." त्यांनी फोन परत माझ्याकडे सरकवला. "रेड्यांच्या तंगड्या दाबाले शिकवलं का तुले, असं बोललो होतो, वहिनी. आता कोणत्या तोंडानं..."

"त्याच तोंडानं. लावा."

किती वेळ तरी कुणी उचलेना. भाऊजी पुन्हापुन्हा लावत राहिले. मी खाली बसून चिवडा गोळा करत राहिले, कारण दुसरं काय करणार? शेवटी स्पीकरवर आवाज आला, मागे कसलासा गलका.

"बाबा? आज यावेळी? सगळं ठीक ना?"

"हो... सहजच. जेवली का?"

"जेवले बाबा."

"बरं." एरवी इथे फोन संपतो. भाऊजींनी फोन धरून ठेवला. "गुडघ्याले बर्फ लाव. डाव्या."

पलीकडचा गलका दूर गेला, दार लावून घेतलं असावं तिने.

"बाबा... डावा, हे तुम्हाला कसं कळलं?"

भाऊजी मी गोळा केलेल्या चिवड्यातले शेंगदाणे शोधायला लागले.

"कधीपासून बघताय?"

"पहिल्यापासून," भाऊजी म्हणाले. मग घाईघाईने, "तुमचे लोक जिंकले का?"

ती हसत होती का रडत होती, कळेना. "जिंकलो, बाबा. गुडघा पण ठीक आहे, नुसता मुरगळलाय. पुढच्या रविवारी फायनल."

मी चहा गरम करायला आत गेले. मुद्दाम सावकाश केला.

पुढच्या रविवारी भाऊजी नव्या चिवड्यासह हजर. खेळ सुरू झाला, आणि थोड्याच वेळात एक गडी आडवा झाला. मी सवयीने भाऊजींकडे पाहिलं. टाळी नाही, "पडला, पडला" नाही. दोन्ही हात पडद्यासमोर जोडलेले.

"ऊठ रे बाप्पा," ते पुटपुटत होते, "ऊठ लवकर. पोरीले धावाले लावू नको."