पंधरावा टॅब

उल्हास करंदीकर खोटं बोलला तो केवळ दमला होता म्हणून. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे त्याच्याबद्दल बरंच काही सांगायचं आहे आणि त्यातलं फारसं काही त्याच्या बाजूने जाणारं नाही.

२००४चा जानेवारी. न्यूजर्सीत पिस्कॅटवेच्या एका शाळेच्या कॅफेटेरियात मराठी मंडळाची संक्रांत चालली होती. उल्हास, त्याची बायको शरयू आणि सात वर्षांची आन्या आदल्याच दिवशी पुण्याहून परतले होते. तिळाची वडी हातात धरून उल्हास भिंतीला टेकून उभा होता, म्हणजे खरं तर झोपला होता. तेवढ्यात पुरुषोत्तमकाकांनी त्याला गाठलं. काका निवृत्त, अमेरिकेचे नागरिक आणि युरोपला पाच वेळा जाऊन आलेले. हे तिसरं त्यांच्याकडून एकदा तरी ऐकल्याशिवाय कोणी घरी जात नसे.

"काय रे उल्हास, युरोप कसा वाटला?"

याचं खरं उत्तर लांबलचक होतं. डिसेंबरात पुण्याला जाताना वाटेत नऊ दिवस युरोप करायचा, असं उल्हासने वर्षभर आधी ठरवलं होतं. त्यासाठी त्याने एक एक्सेल फाईल केली होती. तिच्यात चौदा टॅब होते. हॉटेलांचा वेगळा, आगगाड्यांचा वेगळा, शाकाहारी खाण्याचा वेगळा, अगदी कुठल्या स्टेशनावर स्वच्छतागृह कोणत्या बाजूला आहे त्याचासुद्धा वेगळा. (ऑफिसात तो डेटाबेस सांभाळत असे. घरी काही सांभाळायला मिळत नसल्यामुळे हौस अशी बाहेर पडायची.) ही फाईल त्याने अर्ध्या न्यूजर्सीला ईमेल केली होती. व्हिसाचा टॅब तो पंधरावा करणार होता. तो उघडला नोव्हेंबर संपता संपता, थँक्सगिव्हिंगनंतर. तेव्हा व्हिसासाठी पहिली मोकळी तारीख मिळत होती नऊ जानेवारी, आणि विमान होतं वीस डिसेंबरचं.

तेव्हा युरोप झाला तो फ्रँकफर्टच्या विमानतळावर, विमान बदलताना, चार तास. काचेतून ओलं सिमेंट दिसलं, आणि विमानाच्या पंखांवर पाणी मारणारा एक माणूस.

हे सगळं तो पुण्यात सासऱ्यांना, साडूला, दोन मावश्यांना आणि सोसायटीच्या वॉचमनला सांगून आला होता. आता पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची त्याच्यात ताकद नव्हती.

"छान," तो म्हणाला.

शरयूने समोरून पाहिलं. ती काही बोलली नाही. बायको चारचौघांत काही बोलत नाही तेव्हा ती घरी काय बोलणार याचा अंदाज दहा वर्षं संसार केलेल्या नवऱ्याला असतो.

"हे काय होतं?" गाडीत बसताच ती म्हणाली.

"अगं, दोन मिनिटांत विसरतील ते."

"वुई डिडन्ट गो टू युरोप," मागून आन्या म्हणाली. "वुई वेंट टू अ‍ॅन एअरपोर्ट."

"एअरपोर्ट युरोपातच होता ना बाळा?" उल्हास म्हणाला. आपण इथवर आलो याचं त्याचं त्यालाच वाईट वाटलं.

काका विसरले नाहीत. आठवड्याभरात पहिला फोन आला, आणि नंतर ते येतच राहिले. ज्यांच्याकडे फाईल होती त्यांना शंका होत्या, ज्यांच्याकडे नव्हती त्यांना फाईल हवी होती. "उल्हासने स्वतः करून बघितलंय सगळं," असं जो तो पुढच्याला सांगायचा. फोन बहुतेक जेवायच्या वेळेला यायचे. डाव्या हातात फोन, उजव्यात घास, अशा अवस्थेत उल्हास टिप्स द्यायचा. इटलीत गाडीत चढण्याआधी स्टेशनवरच्या मशीनमध्ये तिकीट पंच करा. रोममध्ये रस्त्यावरच्या नळाचं पाणी खुशाल प्या. मोठ्या चर्चमध्ये जाताना खांदे झाकलेले असू द्या. आयफेल टॉवर चढण्यापेक्षा नदीपलीकडून बघण्यात जास्त मजा आहे. राइस कुकर नेणार असाल तर २३० व्होल्टवर चालणारा घ्या, आणि गोल पिनांचा अडॅप्टर विसरू नका. सगळं नेटवरून वाचलेलं, सगळं खरं. एकही टीप चुकत नव्हती हीच पंचाईत होती. चुकली असती तर फोन थांबले असते.

अवघड प्रश्नांसाठी त्याने दोन उत्तरं तयार केली होती. पहिलं, "ते सीझनवर असतं." दुसरं, "सकाळी लवकर जा." या दोन वाक्यांवर माणूस दोन वर्षं युरोपचा तज्ज्ञ म्हणून निभावू शकतो, हे उल्हासने सिद्ध केलं.

"व्हेनिसला पाण्याचा वास येतो म्हणतात, खरं का रे?" काका सहाव्यांदा जायच्या आधी विचारायला आले होते. (पाच वेळा जाऊन आलेला माणूस न गेलेल्याला विचारतो, यात कलियुगाचा सगळा अर्थ आला.)

"ते सीझनवर असतं."

"आणि तो मोठा चौक? तिथे फार गर्दी असते बुवा."

"सकाळी लवकर जा. साडेपाचला."

काका गेले, साडेपाचला उठले, आणि परत आल्यावर त्यांनी मंडळाच्या कार्यक्रमात उल्हासला शाल दिली.

शरयूला शालीचं काही वाटलं नाही. तिचं दुखणं वेगळंच होतं. तिच्या स्वयंपाकघरात दातांच्या डॉक्टरांकडून मिळालेलं २००२ सालचं कॅलेंडर अजून ऑगस्टवर उघडं होतं. त्यावर ऑस्ट्रियातलं हालश्टाट नावाचं गाव होतं. डोंगराच्या पायाशी तळं, तळ्याच्या काठाला चिकटलेली घरं, एक टोकदार चर्च, आणि पाण्याकडे तोंड करून ठेवलेलं रिकामं बाक. "मला इथे बसायचंय," ती म्हणायची. "बघायचं काही नाही, करायचं काही नाही. कोणाचा डबा नाही, कोणाचा क्लास नाही. नुसतं बसायचं." उल्हासच्या फाईलमध्ये अकराव्या टॅबवर त्याची नोंदही होती: 'हालश्टाट. स्टेशन एका काठाला, गाव दुसऱ्या, मधे होडी. तळ्याकाठी बसणे – २० मिनिटं.'

आणि आता ती कधी तिथे जाईल अशी आशा उरली नव्हती, कारण मंडळाच्या लेखी ती जाऊन आलेली होती. कोणी ग्रुप जमवला की म्हणायचे, "तुम्हाला काय विचारायचं, तुमचा तर युरोप झालाय!" घरात विषय काढला तर उल्हास म्हणायचा, "आत्ता गेलो तर लोक विचारतील, परत का चाललात?"

२००६च्या मार्चमध्ये शैलेंद्रने ग्रुप जमवला. शैलेंद्र नागपूरचा, उत्साही, एका टेलिकॉम कंपनीत. जूनमध्ये तेरा दिवस; पॅरिस, रोम, व्हेनिस आणि (फाईल वाचून) हालश्टाट. त्याच्या बेसमेंटमध्ये मीटिंग होती. उल्हासला सल्लागार म्हणून बोलावलं होतं, चहा-पोह्यांसकट.

"तर हालश्टाटला किती वेळ ठेवायचा, उल्हास?" शैलेंद्रने विचारलं.

"वीस मिनिटं पुरतात," उल्हास म्हणाला.

शरयूने पोह्यांची बशी खाली ठेवली. "आम्ही पण येतोय," ती म्हणाली.

"अहो वहिनी, पण तुमचा तर—"

"येतोय," शरयू म्हणाली.

सगळ्यांना आनंद झाला. सल्लागार बरोबर येणार म्हटल्यावर फाईल वाचायचेही कष्ट वाचले. शैलेंद्रने लगेच व्हिसाचे फॉर्म वाटले. काका-काकूंना व्हिसा लागत नव्हता, त्यामुळे ते नुसतेच बसून इतरांना स्पेलिंग सांगत होते. आन्याचा जन्म इथला, पासपोर्ट निळा, तिलाही नको. बाकी भारतीय पासपोर्टवाले माना खाली घालून लिहीत होते.

"तुझं सोपं आहे यार," शैलेंद्र उल्हासचा फॉर्म बघत म्हणाला. "इथे जुन्या व्हिसाची माहिती टाक. नंबर सांग, मीच भरतो. पासपोर्ट आणलायस ना?"

तोंडाने काहीही सांगता येतं. भारतीय पासपोर्टला ती सोय नाही. तो जिथे गेला तिथला शिक्का घेऊन येतो, आणि गेला नसेल तर पान कोरं असतं. उल्हासने शरयूकडे पाहिलं. ती स्वतःचा फॉर्म भरत होती, आणि त्या रकान्यात तिने ठसठशीत अक्षरांत 'नाही' लिहिलं होतं.

"जुना व्हिसा नाहीये," उल्हास म्हणाला.

"म्हणजे दुसऱ्या पासपोर्टवर आहे?"

"म्हणजे नाहीच आहे. मी युरोपला गेलेलो नाही." मग दोन वर्षं साचलेलं सगळं एकदम बाहेर आलं. पंधरावा टॅब, नऊ जानेवारी, फ्रँकफर्टचं ओलं सिमेंट, पंखांवर पाणी मारणारा माणूससुद्धा. उल्हासला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त, हलकं वाटलं. आता जेवताना फोन येणार नाहीत.

"थांब," पुरुषोत्तमकाका म्हणाले. "म्हणजे मला या वयात पहाटे साडेपाचला उठवून त्या चौकात उभं केलंस, ते—"

"नेटवर वाचून, काका."

काकांनी पोह्यांचा घास संपवला. "पण पहाट सुंदर होती रे," ते म्हणाले. "शाल ठेव तू."

शिक्षा मात्र झाली. सर्वांच्या व्हिसाच्या अपॉइंटमेंट उल्हासनेच काढायच्या. "आणि या वेळी पहिला टॅब व्हिसाचा कर," शैलेंद्र म्हणाला. शरयूने मात्र घरी येताच कॉम्प्युटरवर बसून स्वतःची अपॉइंटमेंट स्वतःच काढली. "बाकी सगळं तू कर," ती म्हणाली. "एवढं एक मी करते."

उल्हासने जीव ओतून काम केलं. प्रत्येकासाठी वेगळी फाईल, बँकेचं पत्र, कंपनीचं पत्र, विम्याची प्रत, वर रंगीत चिठ्ठ्या. ठरल्या दिवशी सकाळी आठ वाजता तो सगळ्यांना घेऊन न्यूयॉर्कला व्हिसा ऑफिसच्या दारात हजर होता. कॉलर ताठ, हातात यादी. दारावरचा गार्ड एकेक नाव वाचून आत सोडत होता. शैलेंद्र आत गेला, त्याची बायको गेली, ग्रुपमधले दीपा आणि अनिल गेले, शरयू गेली. शेवटी फुटपाथवर उल्हास एकटा उरला.

"नेम?"

उल्हासने नाव सांगितलं. गार्डने यादी वरून खाली पाहिली, खालून वर पाहिली. "यू आर नॉट हिअर," तो म्हणाला.

नदी ओलांडल्यावर आपण दहाच्या दहा आहोत का हे मोजताना स्वतःलाच वगळणाऱ्या शहाण्याची गोष्ट उल्हासने लहानपणी ऐकली होती. आन्यालाही सांगितली होती. सांगताना खूप हसलाही होता. त्याने तिथेच फुटपाथवर टेकून आपली यादी पुन्हा मोजली. सगळे होते. तो नव्हता. मोकळी तारीख होती सव्वीस जून, आणि विमान होतं सोळाचं.

शरयू ट्रिप कॅन्सल करायला निघाली होती, हे तिच्या बाजूने नोंदवायला हवं. दोन दिवस ती कॅलेंडरकडे न बघता पोळ्या लाटत होती. तिसऱ्या दिवशी उल्हासनेच कॅलेंडर भिंतीवरून काढून तिच्या बॅगेत ठेवलं. "जा तू," तो म्हणाला. "आन्याला घेऊन जा. मी इतक्या लोकांना पाठवलंय, तूच तेवढी राहिलीयस." शरयूने बॅग बंद केली आणि त्याच्या केसांवरून हात फिरवला. मग चार दिवसांची आमटी करून, फ्रिजमध्ये ठेवून ती गेली.

आठव्या दिवशी, शनिवारी सकाळी अकराला, फोन वाजला. उल्हास त्या आमटीचा शेवटचा वाडगा खात होता. (चार दिवसांची आमटी त्याने आठ दिवस पुरवली होती. नियोजन म्हणजे नियोजन.)

"मी बसलेय," शरयू म्हणाली. शैलेंद्रच्या मोबाईलवरून बोलत होती. "तळ्याकाठी. बाक तसंच आहे रे, अगदी चित्रातलं. आन्या बदकांना ब्रेड घालतेय."

"होडी मिळाली वेळेवर?"

"मिळाली. तू लिहिलंयस तसंच सगळं. अक्षर न् अक्षर."

उल्हासचे डोळे भरून आले. दोन वर्षांत इतकी मोठी दाद त्याला शालीतूनही मिळाली नव्हती. "किती वेळ झाला बसून?" त्याने विचारलं.

"तीन तास."

"तीन तास? अगं, वीस मिनिटं लिहिलीयेत! पुढे ते चर्च आहे, मग मिठाची खाण—"

"ते सगळे गेलेत तिकडे. मी नाही गेले." पाण्याचा आवाज येत होता. "उल्हास, रागावू नकोस. मला तुझी खूप आठवण आली. पहिला अर्धा तास तर फारच आली. मग माझ्या लक्षात आलं, तू असतास तर तो अर्धा तास व्हायच्या आधीच मला उठवलं असतंस."

फोन ठेवून उल्हासने वाडगा धुतला, कॉम्प्युटर सुरू केला आणि फाईल उघडली. पुढच्या महिन्यात अ‍ॅशबर्नहून कोणी निमिष जाणार होता, त्याला ती पाठवायची होती. अकराव्या टॅबवर 'बसणे – २० मिनिटं' होतं, ते खोडून त्याने 'पाहिजे तितका वेळ' असं लिहिलं. मग शेजारच्या टिपांच्या रकान्यात, आयुष्यातली पहिली स्वानुभवाची टीप टाईप केली:

'नवऱ्याला बरोबर नेऊ नये.'