कालचा गाढव

सकाळी आठचा भोंगा झाला की आमचे सुपरवायझर गोविंदराव सबनीस स्टुलावर चढत, टोपी काढून काखेत मारत आणि म्हणत, "मंडळी, कालचा गाढव मीच!" मग आदल्या दिवशी आपण काय घोळ घातला ते सगळ्यांसमोर सांगत. एकदा म्हणे ते पार्ल्यात लग्न समजून भलत्याच मांडवात शिरले, जिलब्या हाणल्या, "नांदा सौख्यभरे" म्हणून हात वर केला, आणि पाहतात तो समोर मुंजीचा बटू!

स्वातंत्र्य मिळून पाच-सात वर्षं झाली होती. अंधेरीतल्या त्या लहानशा औषधांच्या कारखान्यात आम्ही वीस माणसं बाटल्यांना लेबलं चिकटवायचो. हसणं ओसरलं की कोणीतरी हळूच उभं राही. मालवणचा गावकर एकदा म्हणाला, "सायबानू, काल दोन बाटल्यो माझ्याच हातान फुटल्यो. मी लपवलंय." गोविंदरावांनी त्याला हात जोडले. "या, या! मला एकट्याला करमत नव्हतं."

मला ही थेरं वाटायची. साहेबानं साहेबासारखं राहावं, असं माझं मत.

एका संध्याकाळी मी दोन खोकी घाईनं उरकली. घरी वडील अंथरुणाला खिळलेले, माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. घरी पोचल्यावर एकदम लक्षात आलं. सांध्यांना चोळायच्या विषारी तेलाला मी खोकल्याच्या औषधाची लेबलं लावली होती. सांगावं तर नोकरी जाणार, आणि घरात मिळवता मी एकटाच.

सकाळी गोविंदराव स्टुलावर चढले. सगळे खदखदा हसत होते आणि मला रडू येत होतं. शेवटी उठलो. "साहेब, ती दोन खोकी..."

गोविंदराव पहिल्यांदाच हसले नाहीत. बोडक्यानंच फाटकाकडे धावले आणि निघालेली हातगाडी त्यांनी आडवं होऊन थांबवली. मग दिवसभर माझ्याशेजारी फरशीवर बसून गरम पाण्यात लेबलं सोडवली. मालक ओरडत आले, "कोणाचं काम हे?"

"तपासणी माझी होती. मीच पाहिलं नाही."

मालकांनी त्यांची सुपरवायझरी काढून त्यांना गोदामात टाकलं.

रविवारी मी त्यांच्या खोलीवर माफी मागायला गेलो. एक खाट, एकच कप. कपातला चहा मला दिला, स्वतः वाटीतून प्यायले.

"ती मुंज, ते लग्न, सगळं मनचं रे," ते म्हणाले. "मला आमंत्रण देतं कोण?"

"मग कशाला सांगत होता?"

त्यांनी वाटी खाली ठेवली.

"आधीच्या कारखान्यात मी वाघ होतो. मी आलो की माणसं चळाचळा कापायची, आणि मला ते आवडायचं. बॉयलरवर शिवराम होता, माझ्याहून वयानं मोठा. झडप अडकलीय हे त्याला कळलं होतं. माझ्या शिव्यांना भिऊन बोलला नाही. एकटाच सोडवायला गेला आणि वाफेत सापडला."

मी त्यांच्याजवळ सरकलो.

"दवाखान्यात मी त्याच्या उशाशी बसलो होतो. नखशिखांत भाजलेला. मला पाहिलं आणि उठून उभा राहायला लागला रे तो. म्हणाला, 'साहेब, पुन्हा नाही होणार.' आणि गेला."